आमच्या कोकणाला समुद्र नव्हता

विलासला म्हटलं, "गाडी बाजूला घे." त्याला वाटलं आईला मळमळतंय, म्हणून त्यानं लगेच घेतली. मी दार उघडलं. आधी माझा कुत्रा भुऱ्या उतरला, मागून मी, आणि रस्त्याकडेच्या काळ्या दगडावर जाऊन बसलो. म्हणजे मी दगडावर, तो माझ्या पायापाशी.

"आता इथं सांग," मी म्हटलं. "भुऱ्या आपल्या घरी ऱ्हाणार का न्हाई? सांगितल्याबिगर मी गाडीत बसत न्हाई."

विलास माझा मुलगा. चाकणला कंपनीत आहे. डोक्यावरचे केस निम्मे गेले, तरी मी आवाज चढवला की अजून खाली बघतो. खाली बघतच म्हणाला, "आई, घरी जाऊन बघू ना. हितं रस्त्यावर काय?"

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. ही रीत त्याच्या वडलांची. माहेरी जाऊन येऊ का? बघू. गोठ्यावर पत्रे टाकायचे का? बघू. भला माणूस, उभ्या जन्मात मला कधी 'नाही' म्हटलं नाही, 'बघू' म्हणत म्हणतच गेले. पोरानं बापाचं नाक घेतलं नाही, उंची घेतली नाही, हा शब्द तेवढा उचलला. म्हणून मी बसले.

आणि बसले तेही बरोबर जागी. मान वर केली की समोर कडा. अख्खं आभाळ अडवून उभा असलेला आहुप्याचा कडा, काळा, मधेमधे वाळक्या गवताचे पिवळे पट्टे. उन्हात त्याच्यावरून घारी फिरत होत्या. वर माझं माहेर. आणि खाली, जिथं मी दगडावर बसले होते, ते कोकण.

कोकण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं नारळ, होड्या, वाळू आली असेल. ती पुसून टाका. आमच्या कोकणाला समुद्र नव्हता. आम्हा कड्यावरच्या माणसांचं कोकण म्हणजे कड्याखालची जमीन, एवढंच. "बा कुठं गेला?" "कोकणात." म्हणजे सकाळी घाट उतरला, दिवस कलताना वर येईल. तिथून पुढं समुद्र किती लांब हे आमच्यापैकी कुणी बघितलं नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. मीठ तेवढं तिकडून यायचं, आणि सुके बोंबील. समुद्राची आमची ओळख वासापुरती.

नाही म्हणायला एक समुद्र आमच्याकडं होता. श्रावण-भादव्यात सकाळी कड्यावर गेलं की खाली काहीच नसायचं. गाव नाही, शेत नाही, झाड नाही. कापूस पिंजून पसरावा तसा पांढरा ढग कड्याला टेकून भरलेला, आणि त्यातून गोरखगडाचा सुळका तेवढा वर निघालेला. मोठी पोरं ओरडायची, "समिंदर आला, समिंदर आला!" आम्ही ते खरंच मानलं. आमचं तेव्हाचं कुत्रं खंड्या, तांबडा, एक कान कायम पडलेला, तो कड्याच्या काठाला पुढचे पाय रोवून त्या ढगावर भुंकायचा. त्याचं भुंकणं त्या पांढऱ्यात बुडायचं ते परत यायचं नाही. ओल्या घोंगडीचा वास, ओल्या कुत्र्याचा वास, चुलीवरल्या नाचणीच्या भाकरीचा वास, हे तिन्ही वास आमच्या समुद्राचे. दुपारी ऊन पडलं की समुद्र उठून जायचा आणि खालून कोकण निघायचं, भाताच्या खाचरांचं, धुतल्यासारखं हिरवं.

पुढं लग्न होऊन मी कळंबला आले. नाशिक रस्त्यावरचं मोठं गाव, तिथल्या बायका चार गावं हिंडलेल्या. पाण्यावर एकीनं विचारलं, "तू तर कोकणाच्या अंगची. समुद्र कसा असतो गं?"

मी आपलं सरळ सांगितलं, "पांढरा असतो. गप असतो. सकाळी येतो अन दुपारी उठून जातो."

हंडे खाली ठेवून हसल्या त्या. एक तर विहिरीच्या काठावर बसली हसता हसता. त्यानंतर मला नावच पडलं, समुद्रवाली. "काय समुद्रवाले, आज आला का गं तुझा समुद्र?" माझा विलास शाळेत जायला लागला तरी हे चालू होतं. पण मी काय म्हणते, हसणाऱ्या बायकांनी तरी कुठं समुद्र बघितला होता? त्यांनी एकही नाही. मी निदान एक बघितला होता.

तर यंदा दिवाळीच्या सुट्टीत विलासच्या मनात आलं, आईला खरा समुद्र दाखवायचा. पालघरच्या बाजूला चिकूच्या वाडीत राहायला खोल्या मिळतात, तिथं. मी, तो, माझी सून मनीषा (नातवंडं परीक्षेपायी हॉस्टेलवरच अडकली), आणि म्हणाला, "भुऱ्याबी येऊ दे." मला नवल वाटलं. सीटला केस लागतात म्हणून भुऱ्याला गाडीला टेकूही न देणारा हा माणूस. पण आनंदात असताना कोण शंका घेतं?

बघितला खरा समुद्र. खोटं कशाला बोलू, मोठा आहे. पण मातकट, आणि सारखा बोलतो. माझ्यासारखाच, दुसऱ्याला बोलूच देत नाही. वाळूत उतरायच्या वाटेवर एक पाटी होती. मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं शिकले ती एसटीच्या पाट्यांवरून आणि दुकानांच्या फळ्यांवरून, त्यामुळं पाटी दिसली की मोठ्यानं वाचायची खोड आहे. वाचली: "किनाऱ्यावर कुत्र्यांना सक्त मनाई."

शिट्टी गळ्यात घातलेला एक राखणदार जवळ आला. "आजी, वाचलंत ना? मग?"

"वाचलं की. पर ती पाटी कुत्र्यासाठी हाय. त्याला वाचता येत न्हाई, मीच सांगते त्याला." आणि भुऱ्याला म्हटलं, "चल बाबा. हे आपलं कोकण नव्हं. आपलं दुसरं हाय."

मनीषा म्हणाली, "आत्या, तुमी बसा वाळूत. मी थांबते त्याच्यापाशी." आमच्याकडं सुना सासूला आत्याच म्हणतात.

"तू जा, भीज. लग्नाला एवढी वर्षं झाली, नवऱ्यासंगं एकदा तरी भीज. आमचं आमी करतो."

मग तिथं होतो तेवढे दिवस रोज सकाळी ते दोघं समुद्राकडं आणि आम्ही दोघं समुद्राला पाठ करून. काय सांगू, काय काय बघितलं! चिकूच्या वाडीत पाटाच्या कडेनं वाट होती. रात्रीचे पडलेले चिकू तिथं फुटून पडलेले, गुऱ्हाळाशेजारून जावं तसा वास. भुऱ्यानं आधी हुंगला, मग चाटला, मग माझ्याकडं असं बघितलं की एवढे दिवस बाजरीची भाकर का घातलीस मला. पुढं ताडाची झाडं, त्यांच्या सावल्या शेतावर रेघोट्या मारल्यासारख्या. एक तळं, त्यात म्हशी डोक्यापर्यंत बुडालेल्या. भुऱ्या काठावर बसला आणि मी पाण्यात पाय सोडले. तिथं कुणी शिट्टी वाजवली नाही.

एक दिवस चालत कोळीवाड्याच्या मागच्या अंगाला गेलो. बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले, ओळीनं, तोंडात तोंड अडकवून. एक बाई काठी घेऊन राखत बसलेली. भुऱ्याला बघून उठलीच, "हाड! हाड!"

"अगं बाई, मारू नको," मी म्हटलं. "हा घाटावरचा हाय. बाजरीवर वाढलाय. त्याला मासळी ठाऊकबी न्हाई."

माझं बोलणं संपायच्या आत भुऱ्यानं उडी मारून एक बोंबील ओढला आणि गिळलासुद्धा.

"मावशी!" ती बाई काठीला टेकून हसायला लागली. "हा तुमचा बाजरीवाला!"

मलाही हसू आवरेना. मग तिनंच ओंजळभर सुके बोंबील माझ्या पदरात टाकले. "घेऊन जा घाटावर. नाय तर तिकडं जाऊन आमचं वाईट सांगेल तो."

त्या वासानं मी पार वर गेले, कड्यावर. पौषात भाताची कामं उरकली की आम्ही घाट उतरायचो. खाली कोकणात जनावरांची मोठी जत्रा भरायची. पुढं खंड्या, मागं बा, मग आई डोक्यावर नाचणीचं गाठोडं घेऊन, आणि सगळ्यांत मागं मी, दगडावरून घसरत. करवंदीच्या जाळ्या, वाळकं गवत, आणि उतरता उतरता बदलत जाणारी हवा. वर गार असायची, अर्ध्यावर कोमट, खाली गेलं की अंगाला चिकटणारी. परत येताना मिठाचं आणि बोंबलाचं गाठोडं. घाटाच्या मधल्या सपाटीवर बसून शिदोरी सोडायची आणि भाकरीची पहिली चतकोर खंड्याला. आई एकदा म्हणाली, "पोरीला तर घ्या आधी." बा म्हणाला, "जो वाटंला पुढं, त्याचा वाटा आधी." वाट आणि वाटा. दोन्हीत एका कान्याचा फरक. बा निरक्षर होता, त्याला कान्याचं काय ठाऊक, पण शब्द कुठं जोडायचा ते ठाऊक होतं.

असंच मग पालघरला एका टेकडीवरच्या देवळात गेले. पुजारी म्हणाला, "कुत्रं पायरीच्या खाली." मी म्हटलं, "मग मीबी पायरीच्या खालीच. देवीला डोळे हायेत, हितनं दिसंल तिला." खालूनच हात जोडले. आहुप्याच्या देवराईत चप्पल चालत नाही, कुऱ्हाड चालत नाही, वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. पण खंड्या आत हिंडायचा, त्याला कुणी हटकलं नाही. आत भर दुपारीही अंधारल्यासारखं, पायाखाली कुजलेल्या पानांची गादी, आणि तो वास, ओलसर, जुना, कुठं तरी मधाचा. तिथला देव राखणदाराला बाहेर काढणारा नव्हता. आणि चंपाषष्ठीला खंडोबापुढं भरीत-रोडगा ठेवला की त्यातला घास कुत्र्याला घातल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही, हे आजही कळंबला घरोघर बघायला मिळतं. ही माणसं आणि ह्या पाट्या, दोन्ही एकाच देशातल्या, म्हणजे कमालच आहे.

निघायच्या दिवशी सकाळी मनीषा माझ्याजवळ येऊन बसली. चिकू सोलत होती, आणि साल कुठली, गर कुठला, सगळंच टाकत होती. तेव्हाच मी ओळखलं, हिच्या पोटात काही तरी आहे.

"आत्या, रागावू नका. तुमाला ठाऊक असावं म्हणून सांगते. भुऱ्याला हितंच ठेवून जायचंय. यांनी वाडीच्या मालकाशी बोलणं केलंय."

"कुणी? विलासनं?"

"तुमाला चाकणला फ्लॅटवर न्यायचंय ना आता. तिथं सोसायटीत कुत्रं चालत नाय म्हणे."

मला चाकणला न्यायचंय हे तरी कुणी मला विचारलं होतं?

मी वाडीत गेले. विलास भुऱ्याला चिकूच्या झाडाला बांधत होता. नवी दोरी होती, निळी. भुऱ्या शेपटी हलवत होता, त्याला वाटत होतं काही खेळ आहे.

"काय चाललंय?"

तो दचकला. "आई, ऐकून तर घे. हितं त्याला मोकळं रान मिळंल."

"मोकळं? मग दोरी कशाला?"

मी गाठ सोडायला लागले. मग मात्र त्याचा आवाज बदलला. "आई, मागल्या साली काळूला बिबट्यानं अंगणातनं उचलला, तुझ्या डोळ्यांदेखत. तू एकटी त्या घरात. भुऱ्याच्या मागं बाहेर पळशील, मला ठाऊक हाय तू. मी चाकणला असतो, माझा जीव तिथं थाऱ्यावर नसतो."

त्याचं खोटं नाही. आमचा काळू कुत्रा गेला तेव्हा मी हातातली परात घेऊन धावलेच होते. आमच्या जुन्नर-आंबेगावात बिबट्या आता शेजाऱ्यासारखा झालाय, उसात त्याचं घर. पण म्हणून काय? "दिवस मावळला की तो आत अन मी आत. दाराला कडी. बिबट्या काय घराची किल्ली घिऊन फिरत न्हाई."

"आणि सोसायटी?"

"सोसायटीत कुत्रं चालत नसंल तर मला सोसायटी चालत न्हाई."

भुऱ्याला घेऊन गाडीत मागं बसले. विलासनं बराच वेळ गाडी चालू केली नाही. मग म्हणाला, "बरं, घरी जाऊन बघू."

कल्याण गेलं, मुरबाड मागं पडलं, माळशेजच्या डोंगराच्या रेघा दिसायला लागल्या. त्या 'बघू'चं ओझं मांडीवर घेऊन मी बसले होते, आणि वर भुऱ्याचं डोकं. आणि एका वळणाला उजवीकडं माझा कडा दिसला. विलासला म्हटलं, "ह्या रस्त्यानं आत घे." तो म्हणाला, "हितं काय हाय?" म्हटलं, "कोकण." पायथ्याचं गाव आलं आणि मी गाडी थांबवायला लावली, ते मघाशी सांगितलंच.

मनीषा गाडीचं दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून बसली होती. गावातली एक म्हातारी गुरं घेऊन चालली होती, थांबून म्हणाली, "पावणं, गाडी बिघडली का काय?" मनीषा म्हणाली, "गाडी नाय. आमच्या आत्या बसल्यात." म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, भुऱ्याला बघितलं, आणि म्हणाली, "बसा, बसा. सावली हाय." आणि गेली. माझ्या कोकणातली माणसं अशी.

विलास शेजारी उकिडवा बसला. "आई, ऊन चढतंय. किती वेळ बसणार?"

"तुझा आजा हितंच बसला व्हता," मी म्हटलं. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. कधी सांगणार? तो विचारत नाही, मी थांबत नाही.

ते वर्ष जत्रेचं. परत निघालो तर खंड्या नाही. गर्दीत कुठं गेला, कुणी पळवला का कुठल्या कुत्रीमागं गेला, कुणास ठाऊक. आमच्याबरोबर गावची बरीच माणसं होती, त्यांना घाट चढायचा होता. बा ह्या गावात आला आणि घाटाच्या तोंडाशी बसला. म्हणाला, "तुमी व्हा म्होरं." लोक हसले. "कुत्र्यापायी बसतो का रं? वर गेलास तर दुसरं मिळंल." बानं चिलीम काढली. त्या तंबाखूचा वास, आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटा घाटात वर वर जाताना बारीक होत गेलेल्या, एवढं माझ्याजवळ आहे. आई गाठोड्याला टेकून झोपली. मी बाच्या शेजारी बसून जत्रेतल्या रेवड्या खात होते. आमच्याभोवती अख्खं कोकण निवांत होतं, आणि मला वाटत होतं, सुट्टी असते ती हीच.

विलास ऐकत होता. खडे उचलून एकावर एक ठेवत होता, लहानपणी ठेवायचा तसे.

"मग? आलं का कुत्रं?"

"आलं की. ऊन उतरताना. कान फाटलेला, सगळ्या अंगाला चिखल. येऊन बाच्या पायावर पडलं."

"आणि नसतं आलं तर?"

"तर तुझं आजोळ वर आहुप्याला नसतं. हितं असतं, ह्या दगडांवर."

मनीषा गाडीत फस्सकन हसली. विलासनं हसू दाबलं, पण खांदे हलले. मग कड्याकडं बघत राहिला. त्यानं तो वरून बघितला होता, मामाकडं सुट्टीला जायचा तेव्हा, पण खालून कधी नाही. खालून बघितला की कळतं, रोज चढून जाणारी माणसं कशाची बनलेली होती.

थोड्या वेळानं म्हणाला, "अंगणाला जाळी मारून घेतो. उंच. वरनंबी. ह्या आठवड्यात माणूस बोलावतो. अन दर शनिवारी मी येणार, मग तू नको म्हणायचं नाय."

"अन चाकण?"

"चाकणला आमी दोघं ऱ्हातो. तुला वाटंल तवा ये. तुला वाटलं तर."

मी उठले नाही. मला त्याच्या मागच्या दारानं निसटायच्या सवयी ठाऊक आहेत. तो उभा राहिला, गुडघे झटकले, फोन काढून थोडा लांब गेला. रेंज नीट नव्हती म्हणून ओरडूनच बोलत होता, त्यामुळं सगळं ऐकू आलं.

"मामा, विलास बोलतोय. व्हय, खाली कोकणात हाय. आज तुमच्याकडंच मुक्काम करतो, माळशेजनं वळसा घालून येतो. जेवायला हाय आमी. आमी चौघं हाय." पलीकडून मामानं काही तरी विचारलं असावं. "पोरं नाय आली, हॉस्टेलवर हायेत. न्हाई हो, पावणं कुणी न्हाई. घरचंच चौथं. तुमी भात जरा जास्त टाका."

मग मी उठले. भुऱ्यानं आधी उडी मारली आणि ऐसपैस सीटवर बसला, केसांसकट. विलासनं स्वतः दार लावलं. मी खिडकीतून कड्याकडं तोंड करून बसले, त्याच्याकडं बघितलंच नाही. हसताना दिसले असते, तर पुढच्या वेळी बसायची सोय राहिली नसती.